थंडीत अवजड यंत्रांची काळजी आणि बांधकामाला नव्या तंत्राची जोड

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, बकेटला हळदकुंकू लागते आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून बांधकामाचा खरा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात थांबलेली खोदाई, भराव, रस्ते आणि पाया यांची कामे ऑक्टोबरपासून वेग घेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने तर मराठवाड्यातील बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. पाऊस नसतो, ऊन सुसह्य असते आणि दिवसभर काम करता येते. मात्र याच काळात पहाटेची थंडी, दिवसाची कोरडी धूळ आणि कामाची घाई या तिन्हींचा ताण अवजड यंत्रांवर एकाच वेळी पडतो. पूजा झाली म्हणजे देखभाल झाली असे समजणाऱ्या मालकाला हा हंगाम महागात पडतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग थंडीत यंत्रांची वेगळी काळजी कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. लडाखमध्ये जे करावे लागते ते वाळूजमध्ये करावे लागत नाही. परंतु येथील हिवाळ्याचा स्वभाव वेगळा आहे आणि त्याचे दुष्परिणामही वेगळे आहेत. ते समजून घेतले, तर फारसा खर्च न करता यंत्राचे आयुष्य वाढवता येते, अपघात टाळता येतात आणि बांधकामाचा दर्जाही राखता येतो.

वाळूज आणि यंत्रांचे नाते

छत्रपती संभाजीनगरहून नगर रस्त्याने जाताना लागणारी वाळूज औद्योगिक वसाहत देशाच्या नकाशावर ठळक झाली, ती १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर. त्यामागोमाग सुटे भाग बनविणारे असंख्य छोटे-मोठे उद्योग आले. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर या परिसरात वस्ती वाढली आणि सिडकोचे वाळूज महानगर आकाराला आले. कारखान्यांच्या शेडपासून कामगारांच्या घरांपर्यंत सारे काही उभे करताना माती उपसणारी, खडी वाहणारी आणि काँक्रीट ओतणारी यंत्रे येथे सतत राबत आली.

तत्पूर्वीही या जिल्ह्याने मोठी कामे पाहिली आहेत. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १० किलोमीटर लांबीचा हा मातीचा बांध आहे. अलीकडच्या काळात शेंद्रा व बिडकीन येथे सुमारे १० हजार एकरांवर विकसित होत असलेली 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी आणि गंगापूर व वैजापूर तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ही दोन मोठी कामे झाली. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

या यंत्रांनी मराठीतही आपली जागा केली आहे. पुढे बादली आणि मागे खोदणारा हात असलेल्या कोणत्याही यंत्राला लोक सरसकट 'जेसीबी' म्हणतात. साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनकाला 'पोकलेन' म्हणतात. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. मोठ्या टिपरला 'हायवा' आणि उचलून नेणाऱ्या क्रेनला 'हायड्रा' ही नावेही अशीच कंपन्यांच्या किंवा त्यांच्या उत्पादनांच्या नावांवरून रूढ झाली. पुढील विवेचनात हीच ओळखीची नावे वापरली आहेत.

येथील थंडीचा स्वभाव

मराठवाड्याच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सामान्यतः १० ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उत्तरेकडून शीतलहर आली की ते १० अंशांच्या खाली उतरते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड आणि मराठवाड्यातील परभणी येथे तर पारा कित्येकदा ५ अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली घसरलेला आहे. दुपारी मात्र हेच तापमान २८-३० अंशांवर जाते. म्हणजे एका दिवसात १५ ते १८ अंशांचा चढउतार होतो.

यंत्राला खरा त्रास होतो तो या चढउताराचा. धातू दररोज आकुंचन-प्रसरण पावतो, रबरी नळ्या व सील कडक होतात, अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि रात्री घट्ट झालेले तेल सकाळी इंजिनाच्या सर्व भागांत पोहोचण्यास वेळ लागतो. त्यातच मुरूम आणि काळ्या मातीची बारीक धूळ कोरड्या हवेत तरंगत राहते. उन्हाळ्यात यंत्र गरम होऊन बंद पडते, तेव्हा दोष लगेच दिसतो. हिवाळ्यातील झीज मात्र आतल्या आत होत राहते आणि तिचा हिशेब मार्च-एप्रिलमध्ये समोर येतो.

डिझेल : साठवलेल्या पिंपाचा धोका

डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. तापमान खाली गेले की त्यांचे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते गाळणीत अडकून इंधनाचा प्रवाह रोखतात. म्हणूनच भारतीय मानक संस्थेच्या आयएस १४६० या डिझेलविषयक मानकात हिवाळा आणि उन्हाळा यांसाठी वेगळ्या मर्यादा घालून दिल्या आहेत. डिझेल ज्या तापमानाला गाळणीतून जाईनासे होते, ती मर्यादा हिवाळ्यात कमाल ६ अंश आणि उन्हाळ्यात कमाल १८ अंश आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हिवाळा मानला जातो.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की डिसेंबरमध्ये पंपावरून घेतलेले ताजे डिझेल वाळूजच्या नेहमीच्या थंडीत अडचण करणार नाही. परंतु सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेऊन साइटवरील टाकीत किंवा पिंपात साठवलेले डिझेल उन्हाळी प्रतीचे असू शकते. पहाटे पारा ९ अंशांवर गेला असताना तेच वापरले, तर यंत्र सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत दम टाकते. ऑपरेटर पंप आणि इंजेक्टर तपासत बसतो. दोष मात्र गाळणीत अडकलेल्या मेणाचा असतो. ऑक्टोबरअखेर जुना साठा संपवून नवा भरणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय आहे.

दुसरा शत्रू पाणी. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी अर्धी रिकामी ठेवली, तर रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्यावर दव जमते आणि ते पाणी तळाशी साचते. त्यामुळे टाकी सकाळी नव्हे, तर संध्याकाळी भरावी. सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीचा खालचा नळ सोडून साचलेले पाणी काढून टाकावे. उच्च दाबाच्या आधुनिक इंधनप्रणालीत पाण्याचे थोडे थेंबही इंजेक्टर निकामी करू शकतात. डिझेल पातळ करण्यासाठी त्यात रॉकेल मिसळण्याची जुनी सवय तर आता पूर्णपणे सोडली पाहिजे. रॉकेलमुळे वंगणाचा गुण कमी होतो आणि नव्या इंजिनांतील धूरशुद्धीकरण यंत्रणा बिघडते.

काही ठिकाणी टाकीखाली किंवा इंजिनाखाली जाळ करून यंत्र 'शेकण्याचा' प्रकार आढळतो. तो जिवावर बेतणारा आहे. तेलाने माखलेल्या यंत्राखाली पेटवलेली शेकोटी म्हणजे आगीला दिलेले निमंत्रणच होय. त्याचप्रमाणे हवा तापविणारी यंत्रणा असलेल्या इंजिनात चटकन पेट घेणारा स्टार्टिंग स्प्रे मारू नये. त्याने स्फोट होऊ शकतो.

तेल : इंजिनाचे आणि हायड्रॉलिकचे

इंजिनाची सर्वाधिक झीज सुरू होण्याच्या पहिल्या काही क्षणांत होते, कारण तेल अजून वरच्या भागांत पोहोचलेले नसते. एसएई ४० सारखे एकाच श्रेणीचे तेल थंडीत घट्ट होते. १५डब्ल्यू-४० हे बहुश्रेणी तेल थंडीत पुरेसे पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहते, म्हणून ते मराठवाड्यात बारमाही चालते. तेलाची श्रेणी निवडताना दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा यंत्राच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवावा. नव्या इंजिनांना कमी राख सोडणारे तेल लागते. स्वस्त तेल घातले, तर धुराची गाळणी लवकर चोंदते.

हायड्रॉलिक तेलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पोकलेनचा सारा जोर याच तेलावर असतो. ६८ श्रेणीचे तेल ४० अंशांना जितके प्रवाही असते, त्याच्या कित्येक पट घट्ट ते १० अंशांना होते. अशा वेळी यंत्र सुरू करताच बकेट जमिनीत खुपसली, तर पंपाकडे तेल पुरेसे पोहोचत नाही, पोकळी निर्माण होते आणि पंपातून किरकिर ऐकू येते. हा आवाज म्हणजे धातूचे कण सुटत असल्याची सूचना असते. पंप बदलण्याचा खर्च काही लाखांत जाऊ शकतो. तो टाळायचा, तर सकाळची दहा-पंधरा मिनिटे द्यावी लागतात.

क्रम असा ठेवावा. इंजिन सुरू करून सुमारे ५ मिनिटे मंद गतीवर चालू द्यावे. नंतर बूम, आर्म आणि बकेट भाराशिवाय सावकाश हलवावेत. साखळीपट्ट्या थोड्या मागे-पुढे फिरवाव्यात. तेल साधारण २० अंशांच्या वर गेल्यानंतरच खोदाईला हात घालावा. याउलट अर्धा-पाऊण तास यंत्र नुसतेच चालू ठेवणेही योग्य नाही. त्याने डिझेल जळते, इंजिनात काजळी साचते आणि यंत्र लवकर तापतही नाही. काम संपल्यावर टर्बो असलेले इंजिन एकदम बंद न करता ३ ते ५ मिनिटे मंद चालवून मग थांबवावे.

बॅटरी, शीतक आणि टायर

थंडीत बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी घट्ट तेलामुळे इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची क्षमता सुमारे एक-पंचमांशाने घटते. आपल्याकडे घट त्याहून कमी असते. परंतु उन्हाळ्याच्या तापाने आधीच थकलेली बॅटरी डिसेंबरच्या पहिल्या शीतलहरीत मान टाकते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीच्या अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मोठ्या यंत्रांत अशा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळवितात. त्यातील एकच बदलली, तर जुनी बॅटरी नवीलाही लवकर संपविते. टोकांवरील पांढरा थर गरम पाण्याने धुवावा. बॅटरी काढताना ऋण टोक प्रथम सोडावे आणि बसविताना ते शेवटी जोडावे.

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय मराठवाड्यात खोलवर रुजलेली आहे. बेसाल्ट खडकातून येणारे येथील भूजल बहुधा जड असते. त्यातील क्षार इंजिनाच्या आत थर धरतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत. शीतक आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. वाळूजमध्ये त्याची ही शक्ती कधीच वापरात येणार नाही. तरीही ते घालायचे, कारण गंज रोखणे, उकळणबिंदू वाढविणे आणि सिलिंडरच्या भिंतीला पडणारी सूक्ष्म छिद्रे टाळणे ही त्याची कामे बारमाही आहेत.

टायरमधील हवेचेही तसेच. तापमान १० अंशांनी उतरले, तर दाब सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. दुपारी मोजून भरलेली हवा पहाटे कमी भरते आणि भरलेला हायवा तशाच टायरवर धावतो. दाब नेहमी काम सुरू होण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. पोकलेनच्या साखळीपट्ट्यांत अडकलेली काळी माती रात्री काढून टाकावी. सकाळी ती दगडासारखी घट्ट होते आणि रोलर घासू लागतात. पिनांना ग्रीस मारताना जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत मारावे, म्हणजे आत शिरलेली धूळही निघून जाते.

हवेची गाळणी हा हिवाळ्यातील सर्वांत महत्त्वाचा घटक मानावा लागेल. खडी क्रशर, मुरमाचे रस्ते आणि सुगीनंतरची उघडी शेते यांमुळे हवेत धुळीचे प्रमाण मोठे असते. बाहेरची गाळणी कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर साफ करता येते. आतील सुरक्षा गाळणी मात्र साफ करायची नसते, ती बदलायची असते. ती झटकून पुन्हा बसविणे म्हणजे इंजिनाला वाळू पाजणे होय. गारव्यापासून आसरा शोधत उंदीर यंत्राच्या पोटात शिरतात आणि तारा कुरतडतात, हेही लक्षात ठेवावे. उघड्या प्लॉटवर उभ्या असलेल्या यंत्राचे झाकण उघडताना सापाचीही शक्यता गृहीत धरावी.

काँक्रीट आणि डांबर यांनाही थंडी लागते

यंत्र सांभाळले तरी त्या यंत्राने केलेले काम थंडीत बिघडू शकते. घर घेणाऱ्या किंवा बांधणाऱ्या वाचकाने हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

काँक्रीटला ताकद येते ती सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून. तापमान कमी झाले की ही क्रिया मंदावते. तापमान ५ अंशांखाली जाते तेव्हा 'थंड हवामानातील काँक्रीट' म्हणून आयएस ७८६१ या मानकाच्या दुसऱ्या भागातील विशेष नियम लागू होतात. आपल्याकडे ती वेळ क्वचितच येते. परंतु नेहमीच्या बांधकामासाठी असलेल्या आयएस ४५६ : २००० या मानकातील एक अट सहसा नजरेआड होते. स्लॅबच्या ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी आणि ६ मीटरहून मोठ्या तुळईचे टेकू २१ दिवसांनी काढावेत, हे कोष्टक प्रत्येक मिस्त्रीला तोंडपाठ असते. मात्र हे दिवस साधे पोर्टलँड सिमेंट वापरले असेल आणि हवेचे तापमान १५ अंशांखाली जात नसेल तेव्हासाठीच दिलेले आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या हिवाळ्यात रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जातेच. शिवाय आज बाजारात बहुतांशी राखमिश्रित सिमेंट वापरले जाते आणि त्याला सुरुवातीची ताकद सावकाश येते. म्हणजे दोन्ही अटी मोडलेल्या असतात. अशा वेळी टेकू काढण्याचा कालावधी वाढविणे आवश्यक ठरते. किती वाढवायचा, हे अंदाजाने नव्हे, तर त्याच ठिकाणी ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीवरून अभियंत्याने ठरवावे. सेंट्रिंगचे भाडे वाचविण्यासाठी दोन दिवस आधी काढलेला टेकू खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर उठू शकतो. थंडी आहे म्हणून पाणी कमी मारले तरी चालते, हाही गैरसमज आहे. हिवाळ्यातील कोरडा वारा काँक्रीटमधील ओल झपाट्याने शोषून घेतो. साध्या सिमेंटला किमान ७ आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा मिळालाच पाहिजे.

डांबरी रस्त्यांची गोष्ट याहून नाजूक. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार ज्या पृष्ठभागावर डांबर पसरायचे, तेथील हवेचे तापमान १० अंशांखाली असेल, तर काम थांबवावे लागते. सुधारित डांबरासाठी ही मर्यादा १५ अंशांची आहे. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचे मिश्रण किमान १४० अंशांना पसरायचे आणि ते ९० अंशांखाली जाण्यापूर्वी रोलिंग पूर्ण करायचे असते. गार जमिनीवर हा अवधी आक्रसतो. दूरच्या प्लांटवरून उघड्या टिपरमधून आलेले मिश्रण पोहोचेपर्यंतच निवते. त्यावर रोलर कितीही फिरवला, तरी थर दाबला जात नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे खड्डा पडतो. रस्त्याच्या कामावर तापमापक आहे का आणि टिपरवर ताडपत्री आहे का, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या, तरी सामान्य नागरिकाला कामाचा दर्जा ओळखता येतो.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजूही दिसली आहे. ३ ते ७ जून २०२२ या काळात अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. प्लांट, टिपर, पेव्हर आणि रोलर यांची साखळी कोठेही तुटू न देणे हे त्या कामाचे मर्म होते. विदर्भाच्या जूनमधील उष्म्यात डांबराला निवण्याची घाई नसते. हिवाळ्यात तशीच साखळी अधिक काटेकोरपणे सांभाळावी लागते.

लडाखने शिकवलेले

खऱ्या थंडीत काय होते, ते सीमावर्ती भागातील रस्तेबांधणीत दिसते. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेली सीमा सडक संघटना हे काम करते आणि तिच्या मनुष्यबळाच्या प्रशिक्षणाचे ग्रेफ केंद्र आपल्या पुण्यात, दिघी येथे आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात डिझेल गोठत असे. त्यावर इंडियन ऑईलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये उपलब्ध करून दिले. तेथे इंजिन तापविणारे हीटर, पातळ तेले आणि उबदार शेड यांवाचून यंत्र हलत नाही. वाळूजला यातील उपकरणे नकोत. शिस्त मात्र घेण्याजोगी आहे. तेथे कोणतेही यंत्र तपासणीशिवाय सुरू केले जात नाही, कारण बंद पडले तर दुरुस्तीला कोणी येणार नसते.

नवे तंत्र : यंत्र स्वतःच बोलू लागले

गेल्या काही वर्षांत बांधकाम यंत्रांत झालेला सर्वांत मोठा बदल धुराशी निगडित आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर केवळ १० पीपीएम गंधक असलेले डिझेल मिळू लागले. त्यानंतर १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना चौथ्या टप्प्याचे आणि १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांना पाचव्या टप्प्याचे प्रदूषण निकष लागू झाले. या यंत्रांत काजळी पकडणारी गाळणी असते. अनेक मोठ्या यंत्रांत युरियाचे द्रावणही लागते. ३२.५ टक्के युरिया असलेले हे द्रावण उणे ११ अंशांना गोठते, त्यामुळे येथे त्याची चिंता नाही. धूळ, साधे पाणी किंवा डिझेलचा हात लागलेले भांडे यांमुळे मात्र ते दूषित होते आणि यंत्र आपली शक्ती आपोआप कमी करते. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याचा 'जुगाड' केल्यास काही हजार वाचतात आणि लाखाचा भुर्दंड बसतो.

काजळीची गाळणी ठरावीक काळाने स्वतःला तापवून साफ करते. थंडीत यंत्र दीर्घकाळ मंद चालू ठेवले, तर धूर पुरेसा तापत नाही, काजळी साचते आणि पडद्यावर इशारा येतो. तो दिवा लागला की यंत्र मोकळ्या जागी उभे करून सफाई पूर्ण होऊ द्यावी. दिव्यावर चिकटपट्टी लावणे हा त्यावरील इलाज नव्हे.

दुसरा बदल दूरसंवेदनाचा. जेसीबीचे 'लाइव्हलिंक' किंवा टाटा हिताचीचे 'कॉनसाइट' यांसारख्या यंत्रणांमुळे यंत्र कोठे आहे, किती तास चालले, त्यातील किती वेळ नुसतेच सुरू होते आणि सर्व्हिसिंग कधी करायचे, हे मालकाला मोबाइलवर दिसते. पूर्वी हे सारे ऑपरेटरच्या वहीवर आणि विश्वासावर चालत असे. आता वाद कमी झाले आहेत. मात्र आकडे नुसते पाहून उपयोग नाही. २५०, ५००, १,००० तासांची सर्व्हिसिंग त्या-त्या वेळी केली, तरच या माहितीला अर्थ येतो.

तिसरा बदल अचूकतेचा. उपग्रहाच्या मदतीने ग्रेडरचे पाते किंवा पोकलेनची बकेट ठरलेल्या उंचीवर आपोआप राखली जाते. दाब किती बसला हे रोलर चालता चालता सांगतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ पासून कामांच्या मासिक ड्रोन चित्रीकरणाची सक्ती केली. यंत्रांना थेट आराखड्याशी जोडण्याचा प्रयोग लखनौ-कानपूर द्रुतगती महामार्गावर झाला आहे. कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे भाग आणि पोलादी शेड यांमुळे औद्योगिक वसाहतीतील इमारती महिन्यांऐवजी आठवड्यांत उभ्या राहू लागल्या आहेत. अशा भागांचे काँक्रीट छताखाली, नियंत्रित उष्णतेत पक्के होत असल्याने थंडीचा प्रश्नही तेथे सुटतो.

यंत्रामागचा माणूस

तंत्र कितीही नवे असो, ते माणसाच्या जिवापेक्षा मोठे नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे गर्डर बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांना प्राण गमवावे लागले. मोठे यंत्र म्हणजे मोठी जबाबदारी, हे त्या पहाटेने पुन्हा एकदा कठोरपणे दाखवून दिले.

हिवाळ्यातील अपघातांची कारणे थोडी निराळी असतात. पहाटेच्या धुक्यात मागे येणारा टिपर दिसत नाही. त्यासाठी मागे जातानाचा भोंगा, चमकणारे जॅकेट आणि इशारा देणारा मदतनीस या तिन्ही गोष्टी हव्यात. थकलेले कामगार उबेसाठी यंत्राच्या आडोशाला झोपतात आणि सकाळी ऑपरेटर न पाहताच यंत्र सुरू करतो. यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा नियम केवळ देखभालीचा नाही. बंद केबिनमध्ये किंवा पत्र्याच्या खोलीत शेगडी पेटवून झोपणेही प्राणघातक ठरते, कारण कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

नवे यंत्र चालविणाऱ्याला पडद्यावरील संकेत वाचता आले पाहिजेत. आपल्याकडील बहुतेक ऑपरेटर हेल्पर म्हणून सुरुवात करून, पाहून पाहून शिकलेले असतात. त्यांच्या हातातील कसब अस्सल असते. पण सेन्सर आणि धूरशुद्धीकरण हा त्यांच्या उस्तादांनीही न पाहिलेला विषय आहे. पायाभूत यंत्रसामग्री कौशल्य परिषदेचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम यासाठीच आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्था असलेल्या या शहरात यंत्रदेखभालीचे कुशल मनुष्यबळ घडविणे अवघड नाही.

हा प्रश्न केवळ मोठ्या कंत्राटदारांचा नाही. गंगापूर, पैठण, वैजापूरच्या गावांतून अनेक तरुणांनी कर्ज काढून एखादे जेसीबी घेतले आहे. हिवाळ्यात रस्ते आणि इमारती, उन्हाळ्यात तलावातील गाळ काढणे आणि पावसाळ्यात विश्रांती, असे त्याचे वर्ष असते. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू राहतो. ऐन हंगामात पंधरा दिवस बंद पडलेले यंत्र अशा घराचा वर्षाचा ताळेबंद बिघडवते. जुने साधे यंत्र ठेवावे की नवे महाग यंत्र घ्यावे, हा त्याच्यापुढील खरा पेच आहे. याचे उत्तर एकच नाही. वर्षभर काम हाताशी असेल, जवळ सेवा केंद्र असेल आणि चालक शिकलेला असेल, तर नवे यंत्र इंधनात आणि अचूकतेत आपली किंमत वसूल करते. यापैकी एकही गोष्ट नसेल, तर नीट राखलेले जुने यंत्रच शहाणपणाचे ठरते.

रोज सकाळची तपासणी

• यंत्राभोवती फेरी : खाली, मागे, आडोशाला कोणी नाही ना, तेल कोठे गळत नाही ना.
• इंजिन तेल, हायड्रॉलिक तेल आणि शीतक यांची पातळी. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडणे.
• इंधन गाळणीतील पाणी काढणे.
• बॅटरीची टोके आणि तारा; उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा.
• टायर थंड असताना हवेचा दाब किंवा साखळीपट्ट्यांचा ताण.
• हवेच्या गाळणीचा निर्देशक.
• दिवे, भोंगा, मागे जातानाचा इशारा, ब्रेक.
• पाच मिनिटे मंद गती, मग भाराशिवाय हालचाल आणि त्यानंतरच काम.
• संध्याकाळी टाकी भरणे, साखळीपट्टे साफ करणे, बकेट जमिनीवर टेकवून यंत्र बंद करणे.

या सर्वांस मिळून सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे लागतात. कामाच्या घाईत हीच अर्ध्या तासाची काटछाट प्रथम केली जाते. ही अर्धा तासाची शिस्त जेथे पाळली जाते, तेथे यंत्र हंगामभर साथ देते आणि संध्याकाळी सगळी माणसे सुखरूप घरी पोहोचतात.